दोन्ही टोकांकडून

वाईस कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर आमचा वडिलार्जित वाडा आहे. पुढील पडवी, ओटी आणि त्यांवरील माडी धाकट्या भावाकडे. माजघर, देवघर आणि परसाकडील दोन खोल्या माझ्याकडे. चुली वेगळ्या झाल्या त्याला आतां बावीस वर्षें होतील; परंतु देव एक, तुळशीवृंदावन एक आणि आई एक. आईचें वय सत्त्याऐंशी. ती निजते माझ्याकडे आणि सकाळचा चहा घेते धाकट्याकडे. वांटणी झाली त्या दिवसापासून तिनें हा नेम मोडलेला नाहीं, आणि तो तिनें कां धरला हें आम्हां दोघांपैकीं कोणीहि तिला कधीं विचारलें नाहीं.

या दोन घरांत सामाईक अशी आणखी एक वस्तु सहा वर्षांपूर्वीं आली. ती म्हणजे इंटरनेटची कांचेची तार. लोक तिला फायबर म्हणतात. रस्त्यावरील खांबावरच्या पेटींतून ती निघते, धाकट्याच्या माडीच्या कठड्यावरून उतरून पडवीच्या वाशाखालून जाते, भिंतींतल्या भोकांतून माजघरांत शिरते आणि माझ्या खोलींतील राउटरपाशीं तिचा शेवट होतो. बिल दोघांनीं निम्में निम्में द्यावें असें ठरलें आहे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत व्याकरण आणि न्यायाचे कांहीं ग्रंथ झाले, आणि तेवढ्या शिदोरीवर चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. दिवा लावणें आणि मालवणें यापलीकडे विजेशीं माझा परिचय नाहीं. असा मनुष्य कांचेच्या तारेविषयीं लिहावयास बसला याचें वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या आषाढांत त्या तारेच्या निमित्तानें माझ्या हातून एक प्रमाद घडला, आणि तो सांगितल्यावांचून माझें मन हलकें होणार नाहीं.

आमची धाकटी बहीण कानडांत टोरांटो येथें असते. आमच्याकडे सायंकाळचे सात वाजतात तेव्हां उन्हाळ्यांत तिकडे सकाळचे साडेनऊ होतात. त्या वेळीं ती रोज आईशीं बोलते. आईला कानानें नीट ऐकूं येत नाहीं; बोलणाऱ्याचे ओठ दिसले म्हणजे तिला शब्द कळतो. म्हणून नुसता फोन तिच्या उपयोगाचा नाहीं. टॅब्लेटच्या पडद्यावर मुलीचें तोंड दिसावें लागतें. वाड्याच्या भिंती दोन हात रुंदीच्या, त्यांच्या आंत मोबाईलची रेंज येत नाहीं. तेव्हां आई आणि मुलगी यांच्यामध्यें काय तो त्या तारेचाच आधार. त्यांतच बहिणीच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरलेली होती. दिवस नेमलेला होता. आई वरून कांहीं बोलत नसे, परंतु साडेसहा वाजले कीं पदर सारखा करून ती टॅब्लेटपुढें जाऊन बसे.

एका सोमवारीं धाकट्याकडे पडवीची गळती काढण्यास गवंडी आला. त्याच दिवशीं संध्याकाळीं सातच्या सुमारास तार बंद पडली. राउटरवर एक तांबडा दिवा लागला. साडेआठला तो आपोआप गेला आणि सर्व सुरळीत झालें. मंगळवारीं तेंच, बुधवारीं तेंच. दुपारीं तार चाले, परंतु तेव्हां तिकडे मध्यरात्र असे. आपल्या सकाळीं सात वाजतां तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजत. औषधाच्या गुंगीनें बहीण त्यापूर्वींच निजलेली असे. नेमकी ज्या घटकेला गरज, त्याच घटकेला दिवा तांबडा!

मी लक्ष ठेवूं लागलों. लक्षांत असें आलें कीं, धाकट्याचा मुलगा पावणेसातच्या सुमारास कारखान्यांतून परत येतो, आपली मोटारसायकल पडवींत त्या वाशाखालीं लावतो, आणि लागलीच तार जाते. एकदां नव्हे, पांच दिवस मीं हें पाहिलें. धूर दिसला कीं विस्तव आहे असें मुलांना शिकवीत आलेल्या माणसाला याहून अधिक काय पाहिजे? गवंड्यानें तार दुखविली, आणि मोटारसायकलचा दांडा तिला लागून ती रोज निखळते, असा सिद्धान्त मीं मनाशीं पक्का करून टाकला.

आठव्या दिवशीं सकाळीं कंपनीचा माणूस आला. वीस-बावीस वर्षांचा, तालुक्यांतल्याच एका खेड्यांतला, डिप्लोमा झालेला तरुण. त्यानें प्रथम राउटरची तार काढली आणि तिचें टोंक एका लहानशा पेनासारख्या साधनानें पुसलें. मीं म्हटलें, "अरे, एवढी तार तुटलेली आणि तूं टोंक काय पुसतोस?"

तो हंसून म्हणाला, "गुरुजी, निम्म्याहून जास्त तक्रारी धुळीच्याच असतात. या कांचेचा गाभा केंसापेक्षां बारीक आहे. त्याच्यावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. आधीं पुसायचं, मग मोजायचं, आणि मग दुसरं कांहीं."

मला आमचा सूचीकटाह न्याय आठवला. लोहाराकडे एकानें कढई घडवावयास सांगितली आणि दुसऱ्यानें सुई, तर शहाणा लोहार आधीं सुई करून मोकळा होतो. सोपें काम आधीं, अवघड मागाहून. या मुलाच्या कानावर तो न्याय कधीं आला नसेल, परंतु त्याच्या हातांत तो होता.

मग त्यानें पॉवर मीटर लावला. त्यावर उणें बावीस असा आंकडा आला. प्रकाश आहे तर उणें कसें, असें मीं विचारतांच त्यानें खाली बसून कागदावर हिशेब मांडला. शून्य म्हणजे एक मिलिवॉट. उणें दहा म्हणजे त्याचा दहावा भाग, उणें वीस म्हणजे शंभरावा, उणें तीस म्हणजे हजारावा. दर तीन डीबी खालीं गेलें कीं प्रकाश निम्मा होतो. कचेरींतून निघालेला एकच प्रकाश वाटेंत स्प्लिटर नांवाच्या डबींत बत्तीस घरांना वांटला जातो, म्हणून आमच्या वांट्याला इतका थोडा येतो. तरीहि उणें सत्तावीसपर्यंत राउटर भागवून घेतो. त्याच्या पलीकडे गेलें कीं त्याला दिसेनासें होतें आणि तांबडा दिवा लागतो. "तुमचा आंकडा उत्तम आहे," तो म्हणाला. मी टोंक डोळ्यांजवळ नेऊन पाहूं लागलों तेव्हां त्यानें चटकन माझा हात धरला. "असं कधीं करूं नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं, पण डोळ्यांत जातो."

तो गेला आणि माझ्या मनांतील संशयाला जणूं पुष्टि मिळाली. तार निर्दोष आहे, कंपनी निर्दोष आहे, मग दोषी कोण? त्या दुपारीं मीं धाकट्याला चिठ्ठी लिहिली. ती मला अक्षरशः पाठ आहे, परंतु येथें देत नाहीं. तिच्यांत अपशब्द एकहि नव्हता. भाषा अत्यंत शुद्ध होती. 'आपल्या गवंड्यानें', 'आपल्या चिरंजिवांच्या वाहनामुळें', 'आपण योग्य ती दखल घ्यावी', अशी ती चिठ्ठी होती. आमच्या सौभाग्यवतीला ती नेऊन द्यावयास सांगितलें, तेव्हां तिनें ती उघडून वाचली आणि माझ्या हातांत परत देऊन ती स्वयंपाकघरांत निघून गेली. मग मींच ती धाकट्याच्या ओटीवर वर्तमानपत्राखालीं ठेवून आलों.

दुसऱ्या दिवसापासून पुतण्या आपली मोटारसायकल रस्त्यावर पावसांत उभी करूं लागला. कोणी कांहीं बोललें नाहीं. आईचा सकाळचा चहा तेवढा पूर्ववत् चालू राहिला. त्या दिवशीं चहाहून परत आल्यावर ती मला म्हणाली, "धाकटा आज बोलला नाहीं." मीं उत्तर दिलें नाहीं.

आणि त्या संध्याकाळींहि तार गेली!

येथें मला माझ्या विद्येची लाज वाटते. कारण असतां कार्य व्हावें हा अन्वय, आणि कारण नसतां कार्य होऊं नये हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कारण सिद्ध होत नाहीं, हें मीं पाठशाळेंत शिकलों होतों. मोटारसायकल नाहीं, तरीहि तार गेली. म्हणजे व्यतिरेक तेथेंच मोडला. कावळा फांदीवर बसावयास आणि ताडफळ पडावयास एक गांठ पडली, एवढाच काय तो संबंध. शाळेंतल्या मुलानें अशी चूक केली असती तर मीं त्याला उभें केलें असतें. स्वतःच्या बाबतींत मात्र मी म्हणालों, "तार एकदां दुखावली ती दुखावलीच."

शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले. बाराव्या दिवशीं साडेसहा वाजतां तोच तरुण पुन्हां आला. त्याच्या पाठीवर एक जड पेटी होती आणि बरोबर एक सोबती होता. मीं म्हटलें, "मीं तर पुन्हां तक्रार केली नव्हती."

"तुम्ही नाहीं, धाकट्या काकांनीं केली," तो म्हणाला. "तीनदां फोन केला त्यांनीं. दिवसा येऊन उपयोग नाहीं, सातच्या आधीं येऊन बस, आणि दोष दिसेपर्यंत हलूं नकोस, असं म्हणाले. आजींचं मुलीशीं बोलणं व्हायला पाहिजे, म्हणाले."

मी कांहींच बोललों नाहीं. तो कामाला लागला. त्यानें मीटर लावून ठेवला. आंकडा उणें बावीसच होता. बाहेर पाऊस पडत होता. रोजच्या नेमाप्रमाणें पावणेसातला मीं देवापाशीं दिवा लावला, चातुर्मासाची पोथी काढण्यासाठीं भिंतींतलें फडताळ उघडलें आणि आईच्या कानाशीं जाऊन बसलों. इतक्यांत तो ओरडला, "गुरुजी! आत्तां कुणी कांहीं हलवलं का?" मीटरवर उणें तीस आलें होतें.

मीं पडवीकडे बोट दाखविलें. परंतु पुतण्या अजून घरीं आलेलाच नव्हता.

मग त्यानें ती जड पेटी उघडली. तिचें नांव ओटीडीआर. तिच्या कामाची रीत त्यानें मला थोडक्यांत सांगितली, ती अशी. आपण डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हांक मारली कीं प्रतिध्वनि येतो, आणि तो किती वेळानें आला त्यावरून कडा किती दूर हें काढतां येतें. हें यंत्र तारेंत प्रकाशाची हांक मारतें. कांचेच्या कणाकणावरून त्या प्रकाशाचा अत्यल्प अंश मागें फिरतो. कांचेंत प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे एक मायक्रोसेकंदानें आलेला प्रतिध्वनि सुमारें शंभर मीटरांवरचा, कारण जाणें आणि येणें असा दुहेरी प्रवास त्यांत असतो. पडद्यावर हळूहळू उतरत जाणारी एक रेघ उमटते. जेथें रेघ एकदम पायरीसारखी उतरते तेथें प्रकाश सांडतो आहे असें समजावें. यंत्राला अगदीं नाकाखालचें दिसत नाहीं, म्हणून मध्यें तारेची एक मोठी गुंडाळी जोडावी लागते. हें ऐकून मला उगीचच हंसूं आलें. नाकाखालचें न दिसणारें हें यंत्र एकटेंच नव्हतें!

सोबत्यानें खांबावरच्या पेटींतून आमची तार सोडली. तरुणानें दोन वेळां मोजणी केली. एकदां १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशानें आणि एकदां १५५० च्या. दोन्ही रेघा एकाच ठिकाणीं पायरी उतरल्या होत्या, परंतु पहिल्या रेघेंत ती पायरी दोन डीबींची होती आणि दुसरींत दहांच्या आसपास.

"ही तार तुटलेली नाहीं," तो म्हणाला. "जोड वाईट असता तर दोन्ही प्रकाशांत जवळजवळ सारखीच घट आली असती. १५५० मध्यें जास्त घट म्हणजे तार कुठंतरी आवळून वांकली आहे. लांब लहरीचा प्रकाश वांकणावर लवकर बाहेर सांडतो."

"म्हणजे पडवींत?" मीं विचारलें.

त्यानें पडद्यावर बोट ठेवलें. पडवीचा सगळा भाग, कठड्यापासून माजघराच्या भिंतीपर्यंत, तळहातासारखा निर्मळ होता. पायरी माझ्याच टोकापासून सात मीटरांवर होती. राउटरमागें चार मीटर तार गुंडाळून ठेवलेली, उरले तीन. तो भिंतीच्या कडेनें हातांनीं माप घेत चालला आणि फडताळापाशीं येऊन थांबला. दिवा मालवून त्यानें तारेच्या टोकाला लाल प्रकाशाचें एक पेन लावलें. अंधारांत, उघड्या फडताळाच्या दाराआड, तारेच्या पांढऱ्या वेष्टणांतून कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका चमकूं लागला.

आई आपल्या जागेवरून म्हणाली, "अरे, तो तर तूं ठोकलेला खिळा."

होय, तो माझाच खिळा होता. तार आईच्या पायांत येते म्हणून, ज्या सोमवारीं धाकट्याकडे गवंडी आला त्याच सोमवारीं दुपारीं, मीं भिंतींत खिळा ठोकून तिला वळसा देऊन ती वर अडकविली होती. फडताळ मिटलेलें असे तोंवर कांहीं बिघडत नसे. परंतु संध्याकाळीं पोथी काढण्यासाठीं मी दार सताड उघडीं, तें भिंतीला जाऊन टेके आणि तार खिळ्यावर आवळली जाई. साडेआठला पोथी ठेवून मी दार मिटीं कीं तार पुन्हां सुरू होई. बारा दिवस आईचें आणि मुलीचें बोलणें मीच तोडीत होतों, आणि तेंहि पोथी वाचण्याच्या निमित्तानें!

तरुण मला दोष देण्याऐवजीं कांचेचें कौतुक सांगूं लागला. तो त्याचा सभ्यपणा. ही कांच मोठी सोशिक आहे, तो म्हणाला; मुठीएवढ्या वळशाला ती कांहीं म्हणत नाहीं, करंगळीएवढा वळसा मात्र तिला सोसत नाहीं. आंत नऊ मायक्रॉनचा गाभा, त्याच्याभोंवतीं १२५ मायक्रॉनपर्यंत दुसऱ्या कांचेचें कवच. गाभ्यांतला प्रकाश तिरकस जाऊन कवचावर आदळतो आणि पुन्हां आंत फिरतो. त्याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. वांकण फार झालें कीं तो कोन बिघडतो आणि प्रकाश कवचांतून बाहेर निघून जातो.

या विद्येच्या उगमाशीं आपल्या देशाच्या माणसाचें नांव आहे हें मला मागाहून वाचून कळलें. पंजाबांत मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनमध्यें हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें, आणि त्यावरील निबंध १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. तरीहि कांचेंतून लांबवर संदेश जाईल असें कोणास वाटत नव्हतें, कारण वाटेंतच प्रकाश नाहींसा होई. १९६६ सालीं चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनीं दाखवून दिलें कीं, हा दोष कांचेच्या स्वभावाचा नव्हे, तिच्यांत राहिलेल्या मळाचा आहे. मळ काढा, आणि किलोमीटरला वीस डीबींहून कमी घट होऊं द्या, म्हणजे काम होईल. किलोमीटरला वीस डीबी म्हणजे शंभर भागांतला एक भाग पलीकडे पोंचला तरी पुरे. १९७० सालीं अमेरिकेंत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनीं तशी कांच करून दाखविली. आज तीच घट ०.२ डीबींवर आली आहे, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावरहि शंभरांतले पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. काव यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दोष स्वभावाचा कीं मळाचा, हा प्रश्न त्यांनीं कांचेविषयीं विचारला. तोच मीं भावाविषयीं विचारला असता तर ती चिठ्ठी लिहिली गेली नसती.

खिळा काढावयास पक्कड लागणार होती. ती धाकट्याकडे असते. मी स्वतः उठलों, माजघराचा उंबरठा ओलांडला आणि ओटीवर गेलों. धाकटा झोपाळ्यावर बसला होता. मीं म्हटलें, "पक्कड पाहिजे. दोष माझ्याच खोलींत निघाला. खिळा मींच ठोकला होता." एवढीं तीन वाक्यें बोलावयास मला जितके कष्ट पडले तितके चौतीस वर्षांत कोणत्याहि वर्गापुढें पडले नसतील.

तो कांहीं न बोलतां उठला, पक्कड घेतली आणि माझ्यामागून आला. खिळा त्यानेंच उपटला. तरुणानें तार मोठ्या वळशानें फडताळाच्या वरून फिरविली आणि पट्ट्या लावून बसविली. सोबत्यानें खांबावर तार पुन्हां जोडली. आंकडा उणें एकवीस! दार दहा वेळां उघडून मिटून पाहिलें, तरी आंकडा हलला नाहीं. नुसतें दुरुस्त करून भागत नाहीं, ज्या रीतीनें बिघडलें त्याच रीतीनें पुन्हां हलवून पाहावें लागतें, असें तो म्हणाला. खांब पक्का रोवला गेला कीं नाहीं हें तो हलवूनच पाहावा, असें आमचे शास्त्रीहि सांगत.

सात वाजून वीस मिनिटांनीं पडद्यावर बहिणीचें तोंड दिसलें. तिनें प्रथम विचारलें, "आई, माझ्यावर रागावलीस का ग? बारा दिवस तोंड दाखवलं नाहींस." आईनें पडद्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, "मी कशाला रागावूं? या दोघांचं भांडण होतं, तें मिटलं." आम्ही दोघेहि भिंतीकडे पाहूं लागलों. आईला त्या चिठ्ठीविषयीं कोणीं सांगितलें होतें, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

मंडळी बोलत असतां त्या दोघां मुलांना आम्ही ओटीवर चहा दिला. चहा घेतां घेतां तरुणानें सहज एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनांत खोल रुतली आहे. दोन निराळ्या जातीच्या तारा जोडल्या असल्या तर एका टोकाकडून मोजतांना त्या जोडावर प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. प्रकाश वाढणें तर शक्यच नाहीं! त्याच जोडावर दुसऱ्या टोकाकडून पाहिलें तर खऱ्यापेक्षां मोठी घट दिसते. यंत्र खोटें बोलत नाहीं. तें एका बाजूनें पाहतें एवढेंच. म्हणून मोठ्या लाइनी दोन्ही टोकांकडून मोजतात आणि दोन आंकड्यांची सरासरी घेतात. तीच त्या जोडाची खरी किंमत. मीं आमच्या बावीस वर्षांचा हिशेब नेहमीं माझ्याच टोकाकडून मांडीत आलों होतों, असें त्या वेळीं मला एकदम दिसलें. वांटणींत माडी धाकट्याला गेली हें मला आठवत होतें. तिच्याबरोबर गळकी पडवीहि त्यालाच गेली, आणि दर पावसाळ्यांत तो ती स्वतःच्या पैशानें शाकारतो, हें मीं कधीं जमेस धरलें नव्हतें.

मुलें गेल्यावर धाकट्यानें खिशांतून ती चिठ्ठी काढली. म्हणाला, "दादा, 'तुझ्या गवंड्यानं तार तोडली' असं तूं दारांत उभा राहून ओरडला असतास, तर मला कांहीं वाटलं नसतं. पण सत्तावन्न वर्षांत तूं मला 'आपण' म्हटलं नव्हतंस." त्याचा आवाज कांपला. मीं त्याच्या हातून चिठ्ठी घेतली. क्षमा मागण्यासाठीं शब्द शोधूं लागलों, तों ते सर्व संस्कृतप्रचुर निघाले, आणि त्यांनींच तर हा घोटाळा केला होता.

शेवटीं मीं माझी जुनी तांबड्या शाईची दौत काढली. झोपाळ्यावर त्याच्याशेजारीं बसून, मुलांचे निबंध तपासावे तशी ती चिठ्ठी तपासली. जेथें जेथें 'आपण' आणि 'आपला' होतें, तें खोडून 'तूं' आणि 'तुझा' केलें. अशा एकंदर सात चुका निघाल्या. खालीं शेरा लिहिला : 'विचार चुकीचा. पुन्हां लिहावें.' त्यानें तो वाचला आणि चष्मा पुसूं लागला.

बहिणीची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आतां ती पूर्ववत् रोज सातला आईशीं बोलते. राउटर आम्हीं माझ्या खोलींतून काढून माजघराच्या उंबरठ्यावरील कोनाड्यांत बसविला आहे. उंबरठ्यावरचा दिवा आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, त्याला आमच्याकडे देहलीदीप न्याय म्हणतात. पुतण्याची मोटारसायकल पुन्हां पडवींत, त्याच वाशाखालीं उभी असते. तो खिळा मात्र मीं टाकून दिलेला नाहीं. फडताळांत पोथीशेजारीं ठेवला आहे, आणि रोज संध्याकाळीं पोथी काढतांना तो माझ्या हाताला लागतो.